पहिल्या तासाची धडधड

भाऊ, शिक्षक म्हणून पहिल्यांदा वर्गावर जायचं तर हात थरथरतात म्हणालास. माझे तर पहिल्या दिवशी इतके थरथरत होते की फळ्यावरची तारीखच तिरकी आली. चाळीस मिनिटांचा पाठ मी पंधरा मिनिटांत संपवला आणि मग घड्याळाकडे बघत उभा राहिलो! घाबरलेला माणूस भराभरा बोलतो, एवढंच त्याचं कारण. म्हणून वहीत दर दोन मुद्द्यांनंतर एक प्रश्न लिहून ठेव. मुलं उत्तर शोधतात, तेवढ्यात तुझा श्वास जागेवर येतो.

पहिली दोन वाक्यं मात्र तोंडपाठच हवीत. बाकीचा पाठ घोकू नकोस, एक शब्द विसरला की सगळंच अडतं.

आता महत्त्वाचं. आपल्याकडे खानदेशात पोरं घरी अहिराणी बोलतात, रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याला भिली नाहीतर पावरी. पुस्तकी मराठीत विचारलंस तर वर्ग गप्प बसतो आणि नव्या शिक्षकाला वाटतं, आपलंच चुकलं. तसं नसतं. कुणी ‘सर, माले समजनं नही’ म्हणालं तर खूश हो, ते पोरगं तुझ्याशी बोललं. शेकडेवारी शिकवताना केळीच्या घडांचा, कापसाच्या क्विंटलचा हिशेब घे. मागच्या बाकावरचा तुझ्याआधी उत्तर देईल.

उत्तर येत नसेल तर ‘उद्या सांगतो’ म्हण. पण उद्या खरंच सांग, पोरं विसरत नाहीत.

आणि हो, मार्च-एप्रिलच्या उन्हात पाण्याची बाटली टेबलावरच ठेव.