बारोलो फिकट का दिसते? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : आम्ही सहा जण एका संध्याकाळी सहा इटालियन वाइन चाखून गुण देणार आहोत : फेसाळती प्रोसेक्को, पांढरी सोआवे आणि मग चार लाल, म्हणजे बार्बेरा, कियान्ती क्लासिको, बारोलो आणि अमारोने. मागच्या खेपेला बारोलोला सगळ्यांनी सर्वांत कमी गुण दिले. रंग फिकट आणि चव नुसती तुरट. काय चुकलं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : क्रम तुम्ही लिहिलाय तोच ठेवा. अमारोनेची द्राक्षं काढणीनंतर काही महिने सुकवतात, त्यामुळे तिच्यात अल्कोहोल बहुधा 15 टक्क्यांच्या आसपास असतं. ती आधी प्यायलात तर मागून येणारी कुठलीही वाइन पाणचट वाटेल.

आता बारोलो. ती ज्यापासून बनते त्या नेब्बियोलो द्राक्षाच्या सालीत रंग कमी, पण टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) भरपूर. शिवाय नियमाप्रमाणे बारोलो 38 महिने मुरल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले 18 लाकडी पिंपात. तेवढ्यात कडेला विटकरी छटा येते. तेव्हा फिकेपणासाठी गुण कापू नका, तो त्या द्राक्षाचा धर्मच आहे. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि फक्त वाइन गढूळ नाही ना, एवढं पाहा. मग वास घ्या : सुकलेला गुलाब आणि मागून डांबर. घोट दहा सेकंद तोंडात फिरवा. कोऱ्या कडक चहासारख्या हिरड्या आवळतील, ते अपेक्षितच आहे. खरी परीक्षा त्यानंतर. तुरटपणा ओसरल्यावर फळाची चव मागे उरते का? उरली तर वाइन चांगली. नुसता कोरडेपणा उरला तर गुण कापा. बाटली कोवळी, म्हणजे अलीकडच्या सालची, असेल तर दोन तास आधी रुंद भांड्यात ओतून ठेवा.

बार्बेरात याच्या उलट : टॅनिन कमी, आंबटपणा जास्त. कियान्ती क्लासिकोत किमान 80 टक्के संजोवेझे असते (हेच द्राक्ष आपल्या अकलूजजवळही लावलंय). तिच्यात आंबट चेरी शोधा. घोटानंतर तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. या तिघींना एकच फूटपट्टी लावणं अन्यायाचं आहे.

आणि तापमान! आपल्याकडची 30 अंशांची खोली लाल वाइनची वाट लावते : अल्कोहोल नाकात चढतं, फळ दबतं. लाल बाटल्या फ्रिजमध्ये ठेवून 16 ते 18 अंशांवर आणा. सोआवे 10 अंशांना, प्रोसेक्को 6 ते 8. एका वेळी 50 मिली पुरे. बाटल्या कागदात गुंडाळून नंबर टाका. गुण देईपर्यंत सोबत फक्त साधा पाव आणि पाणी. चीजच्या स्निग्धपणाने टॅनिन मऊ लागतं आणि सदोष वाइनही तरून जाते. थुंकायला भांडं ठेवा, कारण सहा घोट-पेले म्हणजे 300 मिली होतात. उदबत्ती, अत्तर, गजरा त्या खोलीत नकोच.

प्रश्न : कियान्तीला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला. उघडून ठेवली तर वाढलाच.
– एक वाचक, पुणे

उत्तर : हा बुचाचा दोष. बुचातल्या टीसीए नावाच्या द्रव्यामुळे तो येतो. अपाय नाही, पण उपायही नाही. तिला गुण देऊ नका, दुसरी बाटली उघडा. जळक्या काडीसारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास मात्र वेगळा. तो पेला पाच मिनिटं घुसळल्यावर बहुतेक वेळा जातो. मुरांब्यासारखा शिजका वास आणि वर सरकलेलं बूच दिसलं, तर बाटली उन्हात तापलेली आहे.

प्रश्न : प्रोसेक्कोवर ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलं होतं, तरी गोड का लागली?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नावावर जाऊ नका. ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये लिटरला 12 ते 17 ग्रॅम साखर असते, ‘ब्रूट’मध्ये 12 ग्रॅमपेक्षा कमी. कोरडी (म्हणजे गोड नसलेली) हवी असेल तर ‘ब्रूट’ मागा.