बोस्टनसाठी किती वेळ हवी?

प्रश्न : वय ४२, मुंबई मॅरेथॉन ३ तास ४ मिनिटांत पूर्ण केली. अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनची पुरुष ४०–४४ वयोगटाची पात्रता वेळ ३ तास ५ मिनिटे आहे. प्रवेश नक्की ना?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : नाही. पात्रता म्हणजे फक्त अर्ज करण्याचा हक्क. अर्ज जास्त आले की जलद धावपटू आधी घेतात. २०२६ साठी पात्रतेपेक्षा ४ मिनिटे ३४ सेकंद जलद असलेल्यांनाच जागा मिळाली. तुमच्याकडे एकच मिनिट आहे. तीन तासांचे लक्ष्य धरा, म्हणजे किलोमीटरला ४:१६ (४ मिनिटे १६ सेकंद). पण वळणांमुळे जीपीएस घड्याळात अंतर ४२.१९५ ऐवजी ४२.४ किलोमीटर किंवा त्याहून जास्त भरते, म्हणून घड्याळावर ४:१४ दिसायला हवे. इथेच बरेच जण फसतात.

पन्हाळ्याचा घाट पायांत ताकद आणतो, वेग ठरवायला मात्र सपाट रस्ताच लागतो. दर दोन आठवड्यांनी ३० किलोमीटर धावा, त्यातले शेवटचे १० लक्ष्याच्या वेगाने. कोल्हापूरच्या जानेवारीतल्या कोरड्या गारव्यावर भरवसा ठेवून मुंबईच्या दमट हवेत सुरुवातीलाच सुसाट सुटलात, तर पेडर रोडचा चढ हिशेब चुकता करतो. आणि हो, वय बोस्टनच्या शर्यतीच्या दिवशीचे धरतात.