वाचकांचे प्रश्न : शिबिराची वही आणि वस्तीचं पाणी

राष्ट्रीय सेवा योजनेची विशेष शिबिरं आणि महाविद्यालयांचे क्षेत्रप्रकल्प संपले की आमच्याकडे विद्यार्थ्यांची पत्रं वाढतात. या वेळच्या पत्रांत अस्वस्थता बरीच आहे आणि तिचं आम्हाला मोल वाटतं. प्रश्न आहे तो तिचं पुढे काय करायचं याचा. म्हणून उत्तरं मुद्दाम तपशिलात दिली आहेत.

प्रश्न : सात दिवसांच्या शिबिराचा अनुभव-अहवाल लिहायचा आहे. गावातल्या दोन वस्त्यांच्या पाण्यात खूप फरक दिसला, ते मनाला लागलं. पण लिहायला बसलं की ‘गरिबी पाहून डोळे उघडले’ अशीच वाक्यं येतात. सर म्हणतात, यात तुझं काय आहे? कसं लिहू? – द्वितीय वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी

‘डोळे उघडले’ या वाक्यात फक्त तुम्ही आहात, पाणी नाही. आधी पाणी येऊ द्या.

वहीची दोन समोरासमोरची पानं घ्या. डाव्या पानावर फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहा : तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत. ‘बिचारी’, ‘अडाणी’, ‘समाधानी’ असे शब्द या पानावर येऊ देऊ नका. उजव्या पानावर त्याच नोंदीसमोर तुम्हाला काय वाटलं, आधी काय ठाऊक होतं आणि त्यातलं काय चुकीचं निघालं, ते लिहा. हे त्याच रात्री करायचं. दोन दिवसांनी लिहिलं की माणसांची वाक्यं पुसली जातात आणि आपली मतंच उरतात.

प्रत्येक नोंदीखाली एक प्रश्न लिहा : हे असं असावं, हे कोणी ठरवलं? पाणी सकाळी ६ ला एका वस्तीत आणि दुपारी २ ला दुसऱ्या वस्तीत सोडायचं, हा निर्णय कुठल्या तरी माणसाने घेतलेला असतो. ‘परिस्थिती’ किंवा ‘समाज’ हे त्याचं उत्तर नव्हे. वेळ कोण ठरवतं हे समजलं नसेल, तर तसं लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी विचारा.

‘तुझं काय आहे’ या प्रश्नाचं उत्तर शिबिरातच शोधा. स्वयंपाक कोणी केला, भांडी कोणी घासली, संडास कोणी साफ केले? मुलींकडे आपोआप कुठली कामं गेली? गावात कोणाच्या घरी चहा घेतला आणि कोणाकडे ‘नंतर येतो’ म्हणून टाळलं? आडनाव विचारल्यावर बोलण्याचा सूर कुठे बदलला? गावाबद्दलची दहा वाक्यं जितकं शिकवणार नाहीत तितकं या नोंदी शिकवतात, कारण भेदभाव फक्त ‘तिकडे’ असतो हा समज त्यांनी मोडतो. हे लिहायला जड जातं. तरीही अहवालाचा निम्मा भाग याला द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक लहान पण महत्त्वाची गोष्ट. वस्तीचा उल्लेख जातीच्या नावाने करू नका. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्येच वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला आहे. कागदावर नवं नाव असून लोक अजून जुनंच वापरत असतील, तर तीही एक नोंदच आहे.

प्रश्न : ‘खालच्या वस्तीला भरपूर पाणी, वरच्या वस्तीला कमी’ असं आम्ही अहवालात लिहिलं. ग्रामपंचायतीत सांगितलं, ‘सगळ्यांना सारखंच सोडतो.’ खरं काय, हे कसं दाखवायचं? – विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचा गट

मोजून. लागेल एक २० लिटरची बादली, मोबाइलमधलं घड्याळ आणि सलग सात दिवस.

आधी बादली तपासा. बाजारात २० लिटरची म्हणून मिळणारी बादली काठोकाठ भरल्यावरच २० लिटर होते, कधी कमीच भरते. एक लिटरच्या बाटलीने वीस वेळा पाणी ओता आणि जिथे पातळी येईल तिथे खूण करा. मग प्रत्येक वस्तीत तीन घरं निवडा : टाकीकडून येणाऱ्या नळवाहिनीच्या सुरुवातीचं, मधलं आणि अगदी शेवटचं. तिन्ही घरं सुरुवातीची निवडली, तर मोजणी फुकट जाते.

खुणेपर्यंत बादली भरायला किती वेळ लागतो ते पाणी आल्यावर, मध्यावर आणि जाण्याआधी, असं तीनदा मोजून सरासरी काढा. समजा अडीच मिनिटं लागली आणि पाणी ४० मिनिटं राहिलं. म्हणजे १६ बादल्या, ३२० लिटर. घरात सहा माणसं असतील तर माणशी सुमारे ५३ लिटर. पाणी दिवसाआड येत असेल तर तेच माणशी २७ लिटरवर येतं. खालच्या वस्तीत तीच बादली एका मिनिटात भरत असेल, तर तितक्याच वेळात ८०० लिटर मिळतं आणि दिवसाआड धरूनही माणशी ६७ लिटर होतं. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरमाणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण आहे. तुमचा आकडा त्याच्या शेजारी ठेवा. ‘पुरेसं की अपुरं’ हा वाद तिथे मिटतो.

चुका नेहमी त्याच होतात. सार्वजनिक नळ असेल तर त्यावर भरणाऱ्या सगळ्या घरांतली माणसं मोजायला हवीत, फक्त तुम्ही ज्या घराशी बोललात तेवढी नाही. भाडेकरू आणि हंगामी कामाला गेलेले लोक वेगळे लिहा. दोन्ही वस्त्या एकाच दिवशी मोजा, नाहीतर ‘त्या दिवशी वीज नव्हती’ हे उत्तर तयारच असतं.

आकडा हातात आला की कारण शोधा आणि त्यात प्रामाणिक राहा. वरची वस्ती उंचावर असेल तर दाब मुळातच कमी असतो. वाटेत कोणी नळाला थेट मोटर लावली असेल तर पुढच्यांचं पाणी ओढलं जातं. या दोन्हींत जात शोधायची घाई नको. पण नंतर टाकलेल्या वाहिनीचा व्यासच कमी असेल, किंवा एका वस्तीचा व्हॉल्व्ह रोज ४० मिनिटं आणि दुसरीचा दीड तास उघडा असेल, तर तो कोणाचा तरी निर्णय आहे. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला दोष देण्याआधी, वेळा कोण ठरवून देतं हे त्यालाच विचारा.

प्रश्न : मोजणी झाली. आता आम्ही ग्रामसभेत बोलू शकतो का? की माहिती अधिकार टाकावा? – वरील गटाचाच दुसरा प्रश्न

ग्रामसभेचे सदस्य म्हणजे त्या गावच्या मतदारयादीत नाव असलेले लोक. तुम्ही बाहेरचे असाल तर तिथे तुमचा आवाज नाही, आणि ते योग्यच आहे. मोजणीचा एक पानी तक्ता वस्तीतल्या लोकांच्या हाती द्या, तो त्यांना समजला आहे ना ते पाहा आणि मागं सरा. त्यांनी विषय लेखी द्यावा, अर्जावर पोच घ्यावी आणि इतिवृत्तात नोंद झाली का ते सभेतच वाचून घ्यावं. ग्रामसभेआधी महिला सभा होते. पाणी भरणाऱ्या बायकांनी हा विषय तिथून आणला, तर तो टाळणं कठीण जातं. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. म्हणून वस्तीतून चारच माणसं जाऊन उपयोग नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र तुम्हीही करू शकता. तो राष्ट्रीय सेवा योजनेच्या एककाच्या (युनिटच्या) किंवा मंडळाच्या नावाने नको, नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करा. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावायचं. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. कारण सांगण्याची सक्ती नाही.

अर्ज बहुतेक वेळा ‘का’ या शब्दावर अडतो. ‘वरच्या वस्तीला पाणी का देत नाही?’ ही माहिती नव्हे, तो खुलासा झाला आणि तो मिळत नाही. कागद मागा : ‘१ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५ या काळात ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीय निधीतून झालेल्या कामांची यादी, प्रत्येक कामाचं ठिकाण, खर्च आणि मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती.’ हा निधी म्हणजे ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांच्या कामांसाठी राखायचा हिस्सा, आणि मोजमाप पुस्तिका म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही. पाण्याच्या वेळांचं वेळापत्रक हवं असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज.

उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ‘ब’ वर २० रुपयांच्या स्टँपसह. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण मुदत चुकली की सगळी मेहनत लटकते.

अर्जदाराचं नाव गावात पसरतं, हे गृहीत धरा. वस्तीतल्या माणसाच्या नावाने अर्ज करण्याआधी त्याच्या घरच्यांशी बोला. कोणाचं किराणा सामान, मजुरी, लग्नकार्यातलं बोलावणं बंद केलं, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. २०१६ चा हा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे तुम्हाला आधी माहीत असायला हवं, लोक अडचणीत आल्यावर नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात रॅम्प बांधलाय, तरी व्हीलचेअर वापरणाऱ्या मैत्रिणीला दोघांनी ढकलावं लागतं. ‘सोय केली आहे’ असं कार्यालय म्हणतं. – वाणिज्य शाखेचा विद्यार्थी

टेप घेऊन उतार मोजा. प्रमाण १ : १२ आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५ सेंटिमीटर आणि रॅम्प किमान ५.४ मीटर लांब हवा. जागा वाचवायला तो दोन-अडीच मीटरचा केलेला आढळतो आणि तिथेच ढकलावं लागतं. रुंदी किमान १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडे आणि वर वळायला सपाट जागा आहे का ते पाहा. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी. रॅम्प जिथे संपतो तिथे खडी किंवा कुलूपबंद फाटक आहे का, हेही लिहा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले आणि आधीच्या इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. ती मुदत उलटून गेली आहे. मोजमापं, फोटो आणि मैत्रिणीची सही असलेला अर्ज प्राचार्यांना द्या, उत्तर न आल्यास पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. अर्ज तिचा, तुम्ही फक्त टेप धरायची. तिला परीक्षेत हात किंवा वेगाची अडचण येत असेल, तर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळण्याची तरतूद आहे. तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. हेही तिला सांगा.

प्रश्न : वसतिगृहात माझ्या मित्राला जातीवरून सतत टोमणे मारतात. तो म्हणतो, ‘जाऊ दे.’ मी तक्रार करू का? – नाव न देता

त्याच्या परवानगीशिवाय नको. परिणाम त्याला भोगायचे आहेत. पण तो तयार होईल त्या दिवसासाठी नोंदी आतापासून ठेवता येतात, त्याही त्याला सांगूनच : तारीख, वेळ, खोली, नेमके शब्द, आणखी कोण हजर होतं. ‘शिवीगाळ केली’ असं लिहू नका, शब्द जसेच्या तसे लिहा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यातल्या अपमानाच्या कलमांत तो लोकांच्या नजरेसमोर झाला का हे पाहिलं जातं, म्हणून साक्षीदारांची नावं महत्त्वाची. संदेश असतील तर मूळ फोनमध्येच राहू द्या, फक्त स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून जातीवरून होणारा छळही येतो. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास सुरू असते. मित्र पोलिसांत गेला आणि ‘आधी चौकशी करू, मग गुन्हा नोंदवू’ असं सांगितलं, तर अत्याचार प्रतिबंध कायद्यातलं, २०१८ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८अ दाखवा. या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही.

प्रश्न : अहवालात वस्तीतल्या मुलांचे फोटो लावू का? – समाजकार्य शाखेची विद्यार्थिनी

मुलांचे नको. नळ, व्हॉल्व्ह, बादलीवरची खूण, तक्ता यांचे लावा. मोठ्या माणसांचा फोटो हवाच असेल तर तो कुठे छापला जाणार आहे हे आधी सांगा आणि छापलेली प्रत त्यांच्या घरी नेऊन द्या.