ओ३ वर (म्हणजे कंपायलरला कोड जास्तीत जास्त वेगवान करायला सांगणाऱ्या पातळीवर) कंपाइल केल्यावर आकडेमोडीच्या लायब्ररीची उत्तरं बदलतात. बिल्डमध्ये फास्ट-मॅथही चालू आहे. टेस्ट पास झाल्या तरी भरवसा ठेवावा का?

शेवटचा आकडा हलला म्हणून घाबरू नका. एफएमए या प्रोसेसरच्या एकत्रित सूचनेत गुणाकार आणि बेरीज मिळून राउंडिंग एकदाच होतं, त्यामुळे तेवढा फरक पडतोच. पण बिल्डमध्ये फास्ट-मॅथही चालू असल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. वेगासाठी आकडेमोडीचे काटेकोर नियम सोडायची मुभा कंपायलरला देणारा हा पर्याय, म्हणजे फ्लॅग. खरं दुखणं ते आहे, ओ३ नाही.

आधीच्या नोकरीत आमच्या लायब्ररीतली बेरीज कहान पद्धतीची होती. दर फेरीला (नवी बेरीज − जुनी बेरीज) − मिळवलेली संख्या एवढं काढायचं. राउंडिंगमध्ये जे सांडलं ते त्यात सापडतं, ते पुढच्या फेरीत वळतं करायचं. शाळेतल्या बीजगणितात ही वजाबाकी शून्य. फास्ट-मॅथ दिलं की जीसीसी हा कंपायलर तेच बीजगणित लावतो आणि ओळ उडवून टाकतो. कोड वेगवान झाला, टीम लीड खूश. अचूकता गेली हे मी सांगत राहिले, तर म्हणाले, "सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत, तू उगाच फाटे फोडतेस."

मी १ मध्ये एक कोटी वेळा १ई-१६ (१० चा −१६ वा घात) मिळवून दाखवलं. कहानने १.००००००००१ यायला हवं. ओ२ (ओ३ च्या खालची पातळी) आणि फास्ट-मॅथला आलं नुसतं १. आमच्या टेस्टची सवलत, म्हणजे चालवून घ्यायचा फरक, १ई-६ होती, तिला हे दिसणार कसं? शिवाय टेस्टही त्याच फ्लॅगवर कंपाइल होत होत्या. नॅन ('ही संख्याच नाही' असं उत्तर, जसं शून्य भागिले शून्य) येणारच नाही असं हा फ्लॅग गृहीत धरतो, म्हणून नॅन आलं का बघणारी इझनॅनची तपासणी कंपायलर सरळ 'नाही' करून टाकू शकतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

लॅपॅक या रेषीय बीजगणिताच्या प्रसिद्ध लायब्ररीच्या जुन्या मेकफाइलमध्ये (कंपाइल कसं करायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) डीलॅमकसाठी (DLAMCH, मशीनची अचूकता काढणारं फंक्शन) ऑप्टिमायझेशन बंद ठेवणारा वेगळा पर्याय होता. ती माणसं फाटे फोडत नव्हती. त्यांच्या टेस्ट उत्तराचे आकडे जुळवत बसत नाहीत. रेसिड्यूअलला (उत्तर मूळ समीकरणात घातल्यावर उरणाऱ्या चुकीला) नॉर्म (आकड्यांचा एकूण आकार) आणि एप्सिलॉनने (मशीनची राउंडिंगची मर्यादा) भागून येणारं गुणोत्तर ३० च्या आत आहे का, ते बघतात. तुम्हीही तसंच करा, आणि टेस्टच्या फाइली फास्ट-मॅथशिवाय कंपाइल करा.

ग्राफिक्स, ऑडिओला फास्ट-मॅथ चालतं, तिथे माझी तक्रार नाही. वेग हवाच असेल तर एकेका फाइलपुरता द्या, पण लिंक करताना देऊ नका: जीसीसी १३ च्या आधी अशी शेअर्ड लायब्ररी नुसती लोड झाली तरी एक्स८६ प्रोसेसरवर ती लोड करणाऱ्या थ्रेडचे डीनॉर्मल (शून्याच्या अगदी जवळचे इवलेसे आकडे) शून्य व्हायला लागायचे. म्हणजे ज्यांनी हा फ्लॅग कधी मागितलाच नाही, त्यांचीही उत्तरं बदलायची.