गाडी वेशीबाहेर ठेवा

प्रिय मित्रा,

मिलानला उतरायचं, मग व्हेरोना, व्हेनिस, बोलोन्या, फ्लॉरेन्स, सिएना करत रोम; दहा दिवस आणि गाडी पहिल्या तासापासून ताब्यात. तुमच्या या बेतातली शहरं तशीच राहू द्या, पण गाडीचे दिवस कमी करा. इटलीत भाड्याची गाडी दोन गावांमधल्या रस्त्यासाठी घ्यायची. शहरात ती वेशीबाहेरच उभी राहिली पाहिजे.

याचं कारण झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. बहुतेक शहरांच्या जुन्या भागात फक्त परवाना असलेल्या वाहनांना प्रवेश असतो. खूण म्हणजे पांढरी गोल पाटी, लाल कड आणि शेजारी कॅमेरा. तिथे पोलीस उभा नसतो, फाटक नसतं, त्यामुळे चूक झाल्याचं कळतसुद्धा नाही. त्यात दिव्यांच्या अक्षरांत ‘वार्को आत्तीवो’ झळकतं. वार्को म्हणजे प्रवेशाची जागा, आत्तीवो म्हणजे चालू. ‘प्रवेश चालू’ असं समजून लोक खुशाल आत शिरतात, पण चालू असतो तो पहारा. ‘नॉन आत्तीवो’ दिसलं तरच पुढे जायचं. गोंधळून बाहेर पडलात आणि पुन्हा आत गेलात तर दंडही दोन. आधी भाड्याची कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचं शुल्क कार्डावरून कापते. तोच दंड समजून लोक निर्धास्त होतात आणि खरा दंड काही महिन्यांनी घरी येतो.

हॉटेल त्या हद्दीत असेल तर गाडीचा क्रमांक नोंदवून घेता येतो. पण क्रमांक तुम्हाला गाडी हातात आल्यावरच कळणार. तेव्हा त्याच दिवशी हॉटेलला तो कळवा, आणि नोंद झाली का, कोणत्या रस्त्याने यायचं, किती वाजेपर्यंत, हे लेखी मागा. त्यापेक्षा हद्दीबाहेरचं हॉटेल बरं. जुनी शहरं पायी हिंडण्याएवढीच असतात.

आता मार्ग. मिलानला मेट्रो पुरते, आणि मध्यभागात सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात गाडी नेण्याचे पैसे पडतात. म्हणून गाडी मिलान सोडायच्या सकाळी घ्या. व्हेरोना सुमारे १६० किलोमीटर. तिथे चित्तादेल्ला वाहनतळात गाडी ठेवली की रोमन अँफिथिएटर पायी काही मिनिटांवर. व्हेनिसला गाडी नेऊच नका. शहरात रस्तेच नाहीत आणि पुलापलीकडच्या पियात्साले रोमा या चौकातलं पार्किंग महाग आहे. व्हेरोनाहून रेल्वेने सव्वा तासात पोहोचाल, गाडी राहू द्या तिथेच.

बोलोन्या ते फ्लॉरेन्स शंभरएक किलोमीटर. ए-१ महामार्गाला इथे फाटा फुटतो. ‘दिरेत्तिस्सिमा’ हा २०१५ साली उघडलेला बोगद्यांचा नवा रस्ता, ‘पानोरामिका’ हा डोंगरातला जुना वळणांचा. ट्रक नव्यावर जास्त असतात, तेव्हा घाई नसेल तर जुना घ्या. फ्लॉरेन्ससाठी विला कोस्तान्त्सा लक्षात ठेवा. हा वाहनतळ महामार्गालाच जोडलेला आहे, टोलनाका ओलांडावा लागत नाही. गाडी लावा, टी-१ ट्राम पकडा आणि सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनला उतरा. टोलचं तिकीट मात्र जपून ठेवा, पुढच्या नाक्यावर ते लागेल. आणि फ्लॉरेन्सचा दिवस सोमवार नको, उफिझी हे कलासंग्रहालय बंद असतं.

फ्लॉरेन्स ते सिएना हा चौपदरी रस्ता बिनटोलचा आहे, पण अरुंद आणि खड्ड्यांचा. सिएनात सांता कातेरिना वाहनतळातून सरकते जिने थेट वर कॅथेड्रलच्या बाजूला नेतात. रोमच्या आधी एक रात्र ओर्व्हिएतोला ठेवा. तिथेही काम्पो देल्ला फिएराला गाडी लावून जिन्याने वर जाता येतं.

टोलनाक्यावर पिवळ्या ‘टेलेपास’ रांगेत शिरू नका, ती यंत्र बसवलेल्या गाड्यांची. हात आणि नाण्यांचं चित्र म्हणजे रोख, निळी ‘कार्ते’ म्हणजे कार्ड. चुकीच्या रांगेत अडकलात तर मागे घेणं ही त्याहून मोठी चूक. मदतीचं बटण दाबा. पावती मिळते, पैसे १५ दिवसांत भरता येतात. वेगमर्यादा महामार्गावर १३०, पाऊस असेल तर ११०, गावात ५०. काही पट्ट्यांत दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेऱ्यापुरतं हळू होऊन भागत नाही. हिरव्या पाट्या महामार्गाच्या, निळ्या साध्या रस्त्यांच्या.

इटलीत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, म्हणून चौकातल्या वर्तुळात घड्याळाच्या उलट फिरायचं आणि डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. चूक गर्दीत होत नाही, पुढची गाडी वाट दाखवतेच. ती होते सकाळी पेट्रोलपंपावरून रिकाम्या रस्त्यावर येताना, हात सवयीने डावीकडे वळतात तेव्हा. त्या क्षणी शेजारच्याने ‘उजवीकडे’ एवढंच म्हणायचं. पाट्या वाचणं, टोल, सुटे पैसे हेही त्याचंच काम, गाडी चालवणाऱ्याचं नव्हे. निम्मी भांडणं टळतील.

पंपावर ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल, ‘बेंझिना’ म्हणजे पेट्रोल. ‘सेर्व्हितो’ म्हणजे माणूस भरून देतो आणि दर चढा, ‘फाई दा ते’ म्हणजे आपलं आपण. पार्किंगच्या निळ्या रेषा पैशांच्या, पांढऱ्या सहसा फुकट, पिवळ्या राखीव. पाटीवर एकमेकांना छेदणारे दोन हातोडे असतील तर तो नियम कामाच्या दिवसांसाठी, क्रूस असेल तर रविवार आणि सुट्टीसाठी.

कागदांत मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आरटीओकडून मिळतो, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. दोघंही चालवणार असाल तर दोघांचा काढा आणि दुसऱ्याचं नाव करारात घाला. नाव नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर विमा कामाचा नाही. अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं, त्यावरचे परदेशी व्यवहार निघण्याआधी चालू करा. गिअर नको असेल तर ऑटोमॅटिक आधीच मागून ठेवा, नाहीतर साधीच मिळते. आकार लहान घ्या, दोन मध्यम बॅगा मावल्या की पुरे. बॅगा सीटवर दिसू देऊ नका.

दुपारी तीनला भुकेलं पोहोचू नका, बरीचशी स्वयंपाकघरं अडीचच्या सुमारास बंद होतात, ती साडेसातशिवाय उघडत नाहीत. शाकाहारी असाल तर ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नको. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, हेही माहीत असू द्या.

रोममध्ये गाडी चालवू नका. फ्युमिचीनो विमानतळावर परत करा आणि लिओनार्दो एक्स्प्रेसने ३२ मिनिटांत रोमच्या तेर्मिनी स्टेशनला या. परत करण्याआधी टाकी भरा, चारही बाजू आणि इंधनाचा काटा यांचे फोटो काढा, आणि इंधनाची पावती अनामत सुटेपर्यंत टाकू नका.