पोटात काय ठेवावे, काय ठेवू नये

प्रश्न : बाई, सादर नमस्कार. मी मूळचा डिचोलीचा. सध्या अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात उच्च शिक्षण प्रशासनाचे शिक्षण घेत आहे. शुल्कमाफीच्या बदल्यात मिळालेल्या सहायकपदावर तीन फ्रॅटर्निटी आणि दोन सोरॉरिटी यांच्या सल्लागाराचे काम माझ्याकडे आले आहे. मुले माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. गेल्या आठवड्यात मात्र एका चॅप्टरच्या अध्यक्षाने 'हे आपल्या दोघांतच राहू द्या' असे म्हणून नव्या सदस्यांच्या एका 'खास रात्री'विषयी सांगायला सुरुवात केली आणि मी गोंधळून विषय बदलला. आपण बरीच वर्षे हेच काम केले आहे असे कळले. मी काय करायला हवे होते?

उत्तर : आपले पत्र मिळाले त्याच दिवशी 'त्या मुलाला पुन्हा बोलावून घ्या आणि अर्धवट राहिलेले बोलणे पूर्ण ऐका' एवढे मी आपल्याला कळवले होते, कारण त्यात दिरंगाई चालण्यासारखी नव्हती. आता सविस्तर लिहिते.

आधी इतर वाचकांसाठी थोडी ओळख. अमेरिकेतील विद्यापीठांत ग्रीक अक्षरांची नावे घेतलेली विद्यार्थ्यांची मंडळे असतात. मुलग्यांच्या मंडळाला फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या मंडळाला सोरॉरिटी म्हणतात. १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात निघालेली फाय बीटा कॅपा ही अशा नावाची पहिली संस्था. ती पुढे विद्वत्तेचा मान देणारी संस्था झाली. एकत्र राहणे, जेवणे, उत्सव आणि सेवाकार्य यांवर उभी असलेली मंडळे एकोणिसाव्या शतकात वाढली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात अल्फा फाय अल्फा आणि विद्यार्थिनींनी १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कॅपा अल्फा स्थापन केली. १९९०च्या दशकात भारतीय वंशाच्या मुलामुलींनीही स्वतःची मंडळे उभारली. एका विद्यापीठातील शाखा म्हणजे चॅप्टर. तिच्यावर राष्ट्रीय कार्यालय असते, माजी सदस्य असतात, पुष्कळदा घराची मालकी सांभाळणारे वेगळे मंडळ असते, आणि विद्यापीठाकडून आपल्यासारखा सल्लागार नेमलेला असतो. कागदावर पाहिले तर लक्ष ठेवणारे पुष्कळ. पण फ्रॅटर्निटीच्या घरात रात्री दहानंतर बहुधा अठरा ते बावीस वर्षांच्या मुलांखेरीज कोणी नसते. आपल्या गावच्या शिगम्यात पोरे मांडावर रात्रभर नाचत असतात, तेव्हा बाजूच्या ओट्यावर गावातला कोणी म्हातारा बसलेला असतोच. तो काही बोलत नाही, पण त्याचे असणे सर्वांना ठाऊक असते. त्या घरांमध्ये तो ओटा रिकामा असतो.

आता मूळ मुद्दा. 'आपल्यातच राहू द्या' हे शब्द ऐकताच समोरच्याला प्रेमाने थांबवायचे आणि स्वच्छ सांगायचे : 'तू जे सांगशील ते मी शांतपणे ऐकेन, तुझ्यावर ओरडणार नाही. पण त्यात कोणाच्या जिवाला, शरीराला किंवा अब्रूला धोका असेल, तर ते मला वर कळवावे लागेल, आणि कळवण्याआधी मी तुला सांगेन.' खरे तर हे वाक्य सल्लागाराने पहिल्याच भेटीत, काहीही घडलेले नसताना, प्रत्येक चॅप्टरसमोर म्हणायला हवे. आपण ते म्हटलेले नाही असे पत्रावरून दिसते. पुढच्या बैठकीत म्हणा. असे बजावल्यावर मुले तोंड मिटून घेतील ही भीती मलाही होती. अनुभव उलट आला. जो माणूस कोणते गुपित ठेवणार नाही हे आधीच सांगतो, त्याच्याकडेच मुले ते गुपित घेऊन येतात, कारण ते ओझे कोणीतरी आपल्या डोक्यावरून उतरवावे हीच त्यांची मनातली इच्छा असते. त्या अध्यक्षाला केवळ गप्पा मारायच्या असत्या, तर तो 'खास रात्री'पाशी आलाच नसता.

असे गुपित पोटात ठेवण्याची मुभा कायद्याच्या दृष्टीनेही आपल्याला नाही. १९९०च्या क्लेरी कायद्यानुसार विद्यार्थी उपक्रमांची जबाबदारी असलेल्या विद्यापीठाच्या माणसाला कानावर आलेल्या ठरावीक गुन्ह्यांची माहिती कळवावी लागते. डिसेंबर २०२४मध्ये झालेल्या नव्या केंद्रीय कायद्याने हेझिंगच्या, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत रॅगिंगच्या, घटनाही वार्षिक सुरक्षा अहवालात नोंदवणे आणि दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती जाहीर करणे विद्यापीठांवर बंधनकारक केले आहे. शिवाय बहुतेक राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. आपल्या राज्याचा कायदा छापून टेबलाच्या खणात ठेवा. फेब्रुवारी २०१७मध्ये पेन स्टेट विद्यापीठातील टिमथी पियाझा हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी नव्या सदस्यांच्या स्वागताच्या रात्री दारू पाजली गेल्यानंतर जिन्यावरून पडला आणि मदतीसाठी फोन होईपर्यंत जवळजवळ बारा तास गेले. तो वाचला नाही. पेनसिल्व्हेनियाने २०१८ साली त्याच्या नावाने कायदा करून हेझिंगच्या गंभीर प्रकारांना कडक शिक्षा ठरवली. दारूमुळे कोणाची प्रकृती बिघडली असता मदत बोलावणाऱ्यावर कारवाई होऊ नये, अशी तरतूद तिथल्या बहुतेक राज्यांत आहे. आपल्या पाचही मंडळांतील प्रत्येक सदस्याला ती पाठ असली पाहिजे. बाकी प्रशिक्षण एक वेळ राहिले तरी चालेल.

माझ्या वेळची एक गोष्ट सांगते. एका चॅप्टरचा खजिनदार सत्राचा हिशेब घेऊन आला. मुलगा मोठा नीटनेटका. प्रत्येक पावती तारखेनुसार टाचलेली. पिझ्झा, सदरे, सभागृहाचे भाडे, आणि त्याखाली 'बादल्या, नग १२'. मी विचारले, बादल्या कशासाठी? गाड्या धुण्याच्या निधिसंकलनासाठी, तो म्हणाला. तो कार्यक्रम तीन आठवड्यांपूर्वीच होऊन गेला होता, आणि त्या सत्रात नवे सदस्य होते बारा. मी काही बोलले नाही. तो पावतीचा कोपरा दुमडत राहिला, उलगडत राहिला, पुन्हा दुमडत राहिला. मग त्याने सांगितले. 'मोठ्या भावाने', म्हणजे जुन्या सदस्याने, 'धाकट्या भावाला', म्हणजे नव्या सदस्याला, दारूची एक बाटली द्यायची, ती संपेपर्यंत कोणी उठायचे नाही, आणि बादल्या ओकण्यासाठी. ती रात्र झाली नाही. मी कळवले, चौकशी झाली, चॅप्टर सत्रभर निलंबित राहिले, आणि त्या खजिनदाराने पदवी घेईपर्यंत माझ्याशी बोलणे टाकले. मला त्याचे वाईट वाटते; पण कळवल्याचे वाटत नाही.

तेव्हापासून मी उपदेशावर कमी आणि हिशेब व दिनदर्शिका यांवर अधिक विसंबू लागले. नव्या सदस्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत ज्या रात्रीपुढे नुसते 'कौटुंबिक संध्याकाळ' असे लिहिलेले असते आणि जागा व वेळ दिलेली नसते, त्या रात्रीबद्दल विचारा. ज्या खर्चाला पावती नाही त्याबद्दल विचारा. दरडावून विचारू नका, कुतूहलाने विचारा.

आणखी एक गोष्ट नव्या सल्लागारांच्या लवकर ध्यानात येत नाही. या मंडळांचे पदाधिकारी साधारण दर वर्षी बदलतात. तीन वर्षांपूर्वी काय घडले हे त्या घरात कोणालाच ठाऊक नसते. 'आमच्याकडे पूर्वीपासून असेच चालते' असे म्हणणाऱ्या मुलाचे 'पूर्वी' दोन वर्षांचे असते. चॅप्टरची स्मरणशक्ती म्हणजे आपण. जुन्या आणि नव्या अध्यक्षाला समोरासमोर बसवून, चुकलेल्या गोष्टींसकट, सगळे एका वहीत उतरवून घ्या आणि स्वतः जाताना ती वही पुढच्या सल्लागाराच्या हातात द्या. आपले पद दोन वर्षांचे असेल, म्हणून हे आजपासूनच सुरू करा.

प्रश्न : माझी मुलगी या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षाला गेली. सोरॉरिटीत जायचे म्हणते. म्हापशात बसून आम्हांला काहीच कळत नाही. जाऊ द्यावे का? खर्च किती?

उत्तर : ताई, सरसकट 'नको' म्हणू नका. परक्या गावी आजारपणात पेज करून आणून देणाऱ्या मैत्रिणी मला सोरॉरिटीच्या घरांतच दिसल्या, आणि तिथून बाहेर पडलेल्या मुलींना पुढे नोकरीतही त्या ओळखी उपयोगी पडल्या. बहुतेक सोरॉरिटींच्या घरांत दारूला मज्जाव असतो; धोका असतो तो बाहेरच्या मेजवान्यांत.

खर्च जागोजागी वेगळा असतो, एका सत्राला काही शे डॉलरांपासून काही हजारांपर्यंत. म्हणून मुलीला लेखी तपशील मागायला सांगा : प्रवेशाचे शुल्क, सत्राची वर्गणी, बिल्ला, कपडे, घरात राहणे सक्तीचे आहे का, आणि सभेला गैरहजर राहिल्यास दंड किती. निवडीच्या शेवटी मुलींकडून एका करारावर पसंतीक्रम लिहून सही घेतली जाते. त्यानुसार आलेले निमंत्रण नाकारले तर त्या विद्यापीठातील दुसऱ्या सोरॉरिटीत साधारण वर्षभर जाता येत नाही. त्यामुळे जिथे मनापासून जायचे नाही त्या मंडळाचे नाव तिने यादीत लिहूच नये. आपण विद्यापीठाला फोन करून मुलीविषयी विचारल्यास ते बहुधा काही सांगणार नाहीत. तिथल्या कायद्याने ती माहिती मुलीची असते. मात्र त्या मंडळावर पूर्वी कारवाई झाली आहे का, हे विद्यापीठाच्या जाहीर अहवालांत पाहता येते. ते तिने सही करण्याआधी पाहावे.

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातील एका महाविद्यालयात शिकवतो. वसतिगृहातील विद्यार्थी मंडळाचे मार्गदर्शकपद यंदा माझ्याकडे आले आहे. ज्येष्ठ विद्यार्थी दर वर्षी 'स्वागत रात्र' करतात. 'नवे विद्यार्थी राजीखुशीने येतात, हे रॅगिंग नव्हे,' असे ते म्हणतात. आपले मत?

उत्तर : सर, विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९चे विनियम एकदा मुळातून वाचा. एखाद्या विद्यार्थ्याला तो एरवी करणार नाही असे काही करायला लावणे आणि त्यातून त्याला लाज किंवा मनस्ताप होणे, हे रॅगिंगच मानले आहे. नव्या विद्यार्थ्यावर खर्चाचा भार टाकणेही त्यात येते. पहिल्या महिन्यात, ज्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपायचे त्यांनीच विचारलेल्या प्रश्नाला दिलेला होकार मी राजीखुशी मानत नाही. गुन्हेगार ओळखता आले नाहीत तर सामूहिक शिक्षेची तरतूद आहे, हे ज्येष्ठ विद्यार्थ्यांना जरूर वाचून दाखवा, कारण गप्प बसणाऱ्यांचाही त्यात संबंध येतो. गोव्याचा स्वतंत्र रॅगिंगबंदी कायदाही आहे. परंपरेची सबब जगभर सारखीच ऐकू येते. आपल्याकडची कितीतरी मुले पोर्तुगालमधल्या ज्या कोइंब्रा विद्यापीठात शिकायला गेली, तिथेही नवागतांना 'रुळवण्याची' अशी जुनी रीत आहे आणि तिच्यावरही वाद आहेत.

तरी स्वागत रात्र बंद करू नका. बंद केली तर ती गच्चीवर होईल. ती संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळेत, भोजनगृहात, दिवे चालू ठेवून आणि आपल्या उपस्थितीत होऊ द्या. कार्यक्रमपत्रिका दोन दिवस आधी मागून घ्या, आणि नव्या विद्यार्थ्यांनी ज्येष्ठांपुढे काही करून दाखवण्याऐवजी ज्येष्ठांनी आपले घुमटवादन किंवा नाट्यप्रवेश त्यांच्यापुढे सादर करावा असे सुचवा. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक, १८००-१८०-५५२२, सूचनाफलकाऐवजी स्नानगृहांच्या दारांच्या आतल्या बाजूस लावा. तिथे तो मुलांना कोणी पाहत नसताना टिपून घेता येतो.