ओटच्या संशोधनासाठी स्वीडनला येताना: सचिनला उत्तर

सचिन, राहुरीत वनस्पती पैदास विषयात तुझी एम.एस्सी. संपत आलीय आणि ओटच्या पोषणमूल्यावर पीएच.डी. करायला तुला स्वीडनला यायचंय. त्यासाठी प्रक्षेत्रावरची कामं सोडून फक्त कोडिंग शिकू का, असं तू विचारलंस. शेत सोडू नकोस.

मीही राहुरीचीच. तिथे आपण ओटकडे चारा म्हणून बघतो. ‘फुले हरिता’ हा वाण कापायचा आणि हिरव्या चाऱ्याचं वजन घ्यायचं. इथे दक्षिण स्वीडनमध्ये एप्रिलच्या सुमारास पेरणी होते, ऑगस्टमध्ये मळणी, आणि सगळं लक्ष तुसाच्या आतल्या दाण्यावर. त्यातला बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करतो. दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेला तर हृदयाला फायदा होऊ शकतो, हा दावा पाकिटावर छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये परवानगी दिली. दाण्यात बीटा-ग्लुकन ४ टक्के असेल तर त्यासाठी रोज ७५ ग्रॅम ओट खावे लागतात, ६ टक्के असेल तर ५० ग्रॅममध्ये भागतं. आमची सगळी खटपट या २५ ग्रॅमसाठी!

मात्र हा गुण एका जनुकाच्या हातात नाही, आणि हवामानानेही तो हलतो. पहिल्या हंगामात माझा एक वंश, म्हणजे पैदाशीतून निवडलेली ओटची एक ओळ, बीटा-ग्लुकनमध्ये सगळ्यात वर आला. मी हरखून गेले. पुढच्या वर्षी दुसऱ्या शेतात तोच वंश यादीत मधोमध. तेव्हापासून तीन-चार ठिकाणं आणि किमान दोन हंगाम बघितल्याशिवाय मी कुठल्याही वंशाबद्दल बोलत नाही. एका गुणामागे अनेक जनुकं असू शकतात, हे स्वीडिश पैदासकार हर्मन निल्सन-एले यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला ओट आणि गव्हाचे संकर करूनच दाखवलं, तेही इथून जवळच्या स्वालोवला. त्या गावावरून जाताना मला अजून भरून येतं.

कोडिंग लागतंच, कारण ओटचा जनुकसंच गुंतागुंतीचा आहे. ओट षट्गुणित आहे, म्हणजे गुणसूत्रांचे सहा संच: ४२ गुणसूत्रं, तीन पूर्वजांचे जनुकसंच. ‘सांग’ या स्वीडिश वाणाचा संपूर्ण जनुकसंच २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात इथल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांचा मोठा वाटा होता. त्याआधी ‘बेलिंडा’ वाणावर ईएमएस हे जनुकांत बदल घडवणारं रसायन वापरून उत्परिवर्तित वंशांचा मोठा संग्रह इथे तयार झाला. त्यातून हवा तो वंश संगणक शोधून देईल. पण तो लोळतो का, त्याच्यावर तांबेरा येतो का, दाणा भरतो का, हे बांधावर उभं राहूनच कळतं. म्हणून ‘आर’ ही संगणकभाषा आणि संख्याशास्त्र पक्कं कर, आणि प्रयोगशाळेत तंतू व प्रथिनं स्वतःच्या हाताने मोजायला शीक.

पैशाचं म्हणशील तर इथे पीएच.डी. ही बहुधा पगारी नोकरीच असते. शुल्क नाही, मुदत साधारण ४ वर्षं. पुन्हा मास्टर्स करायचा विचार करू नकोस, युरोपबाहेरच्यांना २०११ पासून त्याचं शुल्क भरावं लागतं. लुंड विद्यापीठ आणि आल्नार्पचं कृषी विद्यापीठ यांच्या नोकऱ्यांच्या जाहिराती नियमित बघ. प्रयोगशाळेत इंग्रजी चालतं, पण प्रक्षेत्रावरच्या माणसांशी बोलायला स्वीडिश हवंच. नोव्हेंबरातला अंधार पहिल्या वर्षी फार जड जातो, तेव्हा एकटा राहू नकोस.

अर्जाचं पत्र लिहिलंस की आधी मला पाठव. सोबत राहुरीतल्या तुझ्या प्रयोगाचं विश्लेषणही जोड, दोन्ही नीट वाचून कळवते.